मेतास्ताझ्यो, प्येत्रो

(३ जानेवारी १६९८–१२ एप्रिल १७८२). इटालियन कवी, नाटककार व ऑपेरा-संहिताकार. मूळ आडनाव त्रापास्सी. अठराव्या शतकातील गंभीर प्रकृतीच्या इटालियन ऑपेराला (ऑपेरा सेरिआ) स्थिर वाङ्मयीन रूप देण्याचे श्रेय मुख्यतः त्यालाच दिले जाते. त्याने लिहिलेल्या २७ प्रमुख ऑपेरा-संहिता यूरोपातील शेकडो संगीतरचनाकारांनी पुनःपुन्हा स्वरबद्ध केल्या. आर्तासेर्से ह्या एकाच संहितेवर ऐंशीहून अधिक ऑपेरे रचले गेले. हयातीत त्याची तुलना प्राचीन ग्रीक नाटककारांशी करण्यात आली. मृत्यूनंतर सुमारे अर्ध्या शतकातच त्याची नाटके रंगभूमीवरून जवळजवळ नाहीशी झाली. ही लोकप्रियता आणि ही विस्मृती यांचे मूळ एकच आहे. शब्द आणि संगीत यांच्यात त्याने एक विशिष्ट समतोल साधला होता. तो समतोल जोवर मान्य होता तोवर मेतास्ताझ्यो सर्वांचा नाटककार होता. तो ढळताच त्याच्या संहिता केवळ गाण्यांसाठी केलेली शब्दयोजना वाटू लागल्या. त्याच्या नाट्यकृतींचे मूल्यमापन ह्या दोन्ही बाजू लक्षात घेऊनच करावे लागते.

जीवन : मेतास्ताझ्योचा जन्म रोम येथे एका सामान्य कुटुंबात झाला. त्याचा पिता फेलीचे त्रापास्सी हा मूळचा असीसीचा. पोपच्या सैन्यातील नोकरीनंतर त्याने रोममध्ये किराणा मालाचे दुकान थाटले होते. लहानपणीच मेतास्ताझ्यो रस्त्यावर जमलेल्या लोकांसमोर उत्स्फूर्त कविता रचून म्हणत असे. जान व्हिंचेन्त्सो ग्राव्हीना ह्या नामवंत विधिज्ञाचे व साहित्यमीमांसकाचे त्याच्याकडे लक्ष गेले. ग्राव्हीना हा ‘आर्कादिया’ ह्या साहित्य-अकादमीच्या (स्थापना १६९०) संस्थापकांपैकी एक होता. त्याने ह्या मुलाला दत्तक घेतले आणि ‘त्रापास्सी’ ह्या आडनावातील ‘पलीकडे जाणे’ ह्या अर्थाला धरून त्यास ‘मेतास्ताझ्यो’ हे ग्रीक वळणाचे नाव दिले. अभिजात भाषा व कायदा यांचे शिक्षण त्याला ग्राव्हीनाच्या देखरेखीखाली मिळाले. कालाब्रियातील स्कालेआ येथे ग्रेगोर्यो कालोप्रेसे ह्या देकार्तच्या अनुयायाकडे त्याने तत्त्वज्ञानाचे धडे घेतले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्याने जूस्तीनो ही शोकांतिका रचली. ग्रीक शोकांतिका हा ग्राव्हीनाचा आदर्श होता आणि त्या आदर्शाची शिस्त ह्या बालरचनेवर दिसते. १७१८ मध्ये ग्राव्हीना मरण पावला. त्याच्याकडून मिळालेली मोठी रक्कम तरुण मेतास्ताझ्योने अल्पावधीत उधळली आणि १७१९ मध्ये नेपल्सला येऊन तो एका वकिलाच्या कचेरीत काम करू लागला.

नेपल्स हे त्या काळी ऑपेराचे एक प्रमुख केंद्र होते. तेथे उत्सवप्रसंगांसाठी त्याने काही लहान नाट्यगीते लिहिली. त्यांपैकी ल्यी ओर्ती एस्पेरीदी (१७२१) ह्या रचनेत मार्यान्ना बुल्गारेल्ली ही विख्यात गायिका होती. ‘ला रोमानीना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या गायिकेने त्याला आपल्या घरी आश्रय दिला, वकिली सोडावयास लावले आणि रंगभूमीची अंतर्गत रीत समजावून दिली. तिच्याच घरी नीकोला पोर्पोरा ह्या संगीतरचनाकाराकडून त्याने संगीताचे शिक्षण घेतले. पुढे सर्व यूरोपात गाजलेला गायक फारिनेल्ली हाही पोर्पोराचाच शिष्य. मेतास्ताझ्यो व फारिनेल्ली यांचा स्नेह आजन्म टिकला. पत्रांतून ते परस्परांना ‘जुळा भाऊ’ म्हणून संबोधीत. ऑपेराच्या कवीला गायकाचा श्वास, त्याचा आवाका व त्याचा अहंकार हे तिन्ही ठाऊक असावे लागतात. मेतास्ताझ्योला ते पुस्तकांतून नव्हे, तर ह्या सहवासातून कळले.

दीदोने आब्बांदोनाता (१७२४, म. शी. परित्यक्ता डिडो) ही त्याची पहिली मोठी संहिता. दोमेनिको सार्रो याच्या संगीतासह ती नेपल्स येथे सादर झाली आणि डिडोची भूमिका बुल्गारेल्लीने केली. तिला असाधारण यश लाभले. त्यानंतर सीरोए (१७२६), कातोने इन ऊतिका (१७२८, म. शी. ऊतिका येथील केटो), एत्स्यो (१७२८), आलेस्सांद्रो नेल्लिंदिए (१७२९-३०, म. शी. हिंदुस्थानातील अलेक्झांडर) आणि आर्तासेर्से (१७३०) ह्या संहिता व्हेनिस व रोम येथील नाट्यगृहांसाठी त्याने लिहिल्या. त्यांपैकी अनेकींना लेओनार्दो व्हिंची (चित्रकार लेओनार्दोहून भिन्न) याने संगीत दिले. दरम्यान व्हिएन्नाच्या दरबारातील कवी आपोस्तोलो झेनो याने निवृत्त होताना आपल्या जागी मेतास्ताझ्योचे नाव सुचविले. सम्राट सहावा चार्ल्स याच्या निमंत्रणावरून १७३० मध्ये मेतास्ताझ्यो व्हिएन्नास गेला आणि ‘पोएता चेझारेओ’ म्हणजे सम्राटाचा राजकवी झाला. उरलेले अर्धशतकाहून अधिक आयुष्य त्याने तेथेच घालविले. इटलीस तो परतला नाही.

व्हिएन्नातील पहिले दशक हा त्याच्या निर्मितीचा सर्वांत समृद्ध काळ होय. देमेत्र्यो (१७३१), लोलिंप्यादे (१७३३, म. शी. ऑलिंपिक सामने), देमोफोओन्ते (१७३३), ला क्लेमेन्त्सा दी तीतो (१७३४, म. शी. टायटसची क्षमाशीलता), आकील्ले इन शीरो (१७३६), तेमिस्तोक्ले (१७३६) ह्या त्याच्या प्रमुख संहिता ह्याच काळातील. १७४० मध्ये चार्ल्स मरण पावला. वारसाहक्काच्या युद्धामुळे दरबारी उत्सवांना ओहोटी लागली आणि मेतास्ताझ्योचे लेखनही मंदावले. इल रे पास्तोरे (१७५१, म. शी. मेंढपाळ राजा), लीझोला दीझाबिताता (१७५३, म. शी. निर्जन बेट) आणि नित्तेती (१७५६) ह्या त्याच्या उत्तरकालीन कृती. रुज्जेरो (१७७१) ही शेवटची ऑपेरा-संहिता. मिलान येथे तिच्याबरोबरच सादर झालेल्या पंधरा वर्षांच्या मोट्सार्टच्या आस्कान्यो इन आल्बा ह्या नाट्यगीताने तिला झाकोळून टाकले. मेतास्ताझ्यो अविवाहित होता. व्हिएन्नात तो मार्तिनेझ कुटुंबासमवेत राहत असे. त्याच इमारतीच्या माळ्यावर तरुण हायडन राहत होता. मेतास्ताझ्योने त्याला ह्या कुटुंबातील मार्यान्ना मार्तिनेझ हिचा संगीतशिक्षक म्हणून नेमले आणि पोर्पोराशी त्याची गाठ घालून दिली. मार्यान्ना पुढे संगीतरचनाकार म्हणून प्रसिद्धीस आली. मेतास्ताझ्यो व्हिएन्ना येथेच निधन पावला.

ऑपेरा-संहितेची घडण : सतराव्या शतकातील व्हेनिशियन ऑपेरात पौराणिक चमत्कार, यांत्रिक देखावे आणि विनोदी नोकरपात्रे यांची सरमिसळ झाली होती. झेनो व त्याचे समकालीन यांनी विनोदी प्रवेश वगळून, कथानके इतिहासातून घेऊन संहितेस गांभीर्य आणण्याचा प्रयत्न केला. मेतास्ताझ्योला हा साचा आयताच मिळाला. त्याने त्याला काव्य दिले. त्याच्या संहितेत सामान्यतः तीन अंक आणि सहा किंवा सात पात्रे असतात : एक राजा, प्रेमिकांच्या दोन जोड्या, एखादा विश्वासू किंवा विश्वासघातकी सहायक. कथानकाची प्रगती ‘रेसितातिव्हो’ ह्या संवादसदृश गायनातून होते. त्यासाठी सात व अकरा अक्षरी चरणांची मुक्त, बहुधा निर्यमक रचना तो वापरतो. प्रवेशाच्या अखेरीस एक पात्र ‘आरिआ’ म्हणजे स्वतंत्र गीत गाते आणि बहुधा रंगमंचावरून निघून जाते. आरिआ दोन छोट्या कडव्यांची असून दुसऱ्या कडव्यानंतर पहिले पुन्हा गायिले जाते. ह्या रूपास ‘दा कापो’ असे म्हणतात. पुनरावृत्तीच्या वेळी गायक स्वरालंकारांनी गीत सजवीत असे. कोणत्या गायकाच्या वाट्यास किती आरिआ याव्यात, हेही संकेताने ठरलेले असे. पुरुष नायकाची भूमिका बहुधा बालपणी शस्त्रक्रिया करून उच्च स्वर राखलेला ‘कास्त्रातो’ गायक करी. रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी असल्याने तेथे स्त्रीभूमिकाही असेच गायक करीत.

ही बंधने काटेकोर होती आणि कवीच्या हातात फारसे स्वातंत्र्य नव्हते. मेतास्ताझ्योचे कौशल्य असे, की त्याने बंधनांनाच नाट्याचे साधन केले. दा कापो आरिआत मनुष्य जेथून निघतो तेथेच परत येतो. म्हणून निर्णय घेता न येणाऱ्या मनाची स्थिती व्यक्त करण्यास हे रूप अनुकूल ठरते. त्याची पात्रे कर्तव्य व प्रेम, मैत्री व प्रेम, पितृभक्ती व सत्य अशा दुविधेत अडकलेली असतात. रेसितातिव्होत ती विचार करतात, युक्तिवाद करतात, परस्परांना उत्तरे देतात; आरिआत तो पेच एका प्रतिमेत किंवा सर्वसामान्य उक्तीत स्थिर होतो. वादळात सापडलेली नौका, वाट चुकलेला प्रवासी, दोन वाऱ्यांमध्ये हेलकावणारी लाट ह्या त्याच्या प्रतिमा अनेकदा पुनरावृत्त होतात. त्यांवर साचेबंदपणाचा आक्षेप घेता येईल. परंतु गायल्या जाणाऱ्या शब्दात नवेपणापेक्षा सुगमता अधिक उपयोगी पडते, ही जाण त्यांमागे आहे. त्याचा शब्दसंग्रह मर्यादित आहे, वाक्ये छोटी आहेत, स्वरांची योजना गायकाच्या सोयीची आहे. इटालियन न जाणणाऱ्या नगरांतही त्याच्या संहिता का रुजल्या, याचे एक कारण ह्या पारदर्शक शैलीत आहे.

प्रमुख नाट्यकृती : दीदोने आब्बांदोनाताचे कथानक व्हर्जिलच्या महाकाव्यावर आधारलेले आहे, तथापि मेतास्ताझ्योची डिडो दैवाने ग्रासलेली राणी नसून आत्माभिमानी, मत्सरी व चंचल स्त्री आहे. मूर लोकांचा राजा यार्बा हा वेषांतर करून तिच्या दरबारात येतो; इनीअसला डिवचण्यासाठी ती यार्बाशी विवाह करण्याचे सोंग आणते. असे प्रसंग सुखात्मिकेच्या सीमेवर जातात. शेवटी मात्र सर्वजण एकामागून एक निघून जातात आणि जळत्या नगरीत राणी एकटीच उरते. आरिआ गाऊन पात्राने रंगमंच सोडावा, हा ऑपेराचा संकेत येथे एकाकीपणाचे चिन्ह बनतो. कारण ज्यांनी जावयाचे ते सर्व गेलेले असतात आणि डिडोला जाण्यास ज्वालांखेरीज स्थान नसते. संकेत आणि आशय यांचा असा मिलाफ त्याच्या पुढच्या संहितांतही क्वचितच आढळतो.

कातोने इन ऊतिकाच्या रोम येथील पहिल्या प्रयोगात जखमी केटो रंगमंचावरच प्राण सोडतो. हा शेवट प्रेक्षकांस रुचला नाही. त्याची टवाळी झाली. तेव्हा मेतास्ताझ्योने अखेरचा भाग बदलून मृत्यू पडद्याआड नेला. ह्यानंतर त्याच्या बहुतेक नाटकांची अखेर सुखद आहे. आर्तासेर्सेमध्ये सेनापती आर्ताबानो राजाचा खून करतो आणि रक्ताने माखलेली तलवार आपल्या मुलाच्या, आर्बाचेच्या, हाती देतो. मुलगा पकडला जातो आणि त्याचा न्याय करण्याचे काम खुन्याकडेच, म्हणजे त्याच्या पित्याकडे, येते. खरे सांगावे तर पिता मरतो, गप्प राहावे तर स्वतःला मृत्युदंड. ह्या कोंडीत आर्बाचेचे मौन हेच नाट्याचे केंद्र ठरते. संहितेच्या लोकप्रियतेमागे हा एकच, चटकन समजणारा आणि अखेरपर्यंत न सुटणारा पेच आहे.

आलेस्सांद्रो नेल्लिंदिए ह्या संहितेचे भारतीय वाचकास विशेष कुतूहल वाटावे. झेलम नदीच्या काठी पोरस व अलेक्झांडर यांचा झालेला संघर्ष हा तिचा विषय. ग्रीक-रोमन इतिहासकारांचे वृत्तांत आणि रासीनचे आलेक्सांद्र ल ग्रां (१६६५) हे नाटक यांचा आधार मेतास्ताझ्योला होता. पराभूत पोरो आपल्या सेनापतीशी वेष बदलून सामान्य योद्धा म्हणून वावरतो; राणी क्लेओफीदे त्याला वाचविण्यासाठी अलेक्झांडरची मर्जी संपादन करू पाहते आणि त्यामुळे पोरोच्या मनात संशय दाटतो. पहिल्या अंकात दोघे परस्परांना वचने देतात : तो संशय न धरण्याचे, ती एकनिष्ठ राहण्याचे. अंकाच्या शेवटी तीच वचने उपरोधाने एकमेकांच्या तोंडावर फेकीत ती दोघे युगुलगीत गातात. पतीच्या मृत्यूच्या खोट्या वार्तेवर विश्वास ठेवून क्लेओफीदे आपल्या देशाच्या रूढीनुसार चितेवर चढण्यास सिद्ध होते. हे दृश्य बॅकसच्या मंदिरात घडते. येथील हिंदुस्थान अर्थातच यूरोपीय कल्पनेतला आहे. स्थळ, देवता व आचार यांबाबत त्यात कसलीही प्रामाणिकता शोधणे व्यर्थ होय. तथापि जेता आणि पराजित यांतील नैतिक बरोबरी हा नाटकाचा गाभा आहे. अलेक्झांडर औदार्य दाखवितो, परंतु प्रेक्षकाचे मन पोरोच्या स्वाभिमानात व त्याच्या मत्सरात गुंतून राहते. हँडलने ह्या संहितेवर पोरो (१७३१) रचताना पराजिताचेच नाव शीर्षकास दिले, ही गोष्ट ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. १७५५ मध्ये लिस्बनच्या भव्य राजकीय ऑपेरागृहाचे उद्‌घाटन दाव्हीदे पेरेझच्या संगीतासह ह्याच संहितेने झाले. त्याच वर्षीच्या भूकंपात ते ऑपेरागृह नष्ट झाले.

लोलिंप्यादे ही त्याची सर्वांत परिपूर्ण कृती मानली जाते. लीचीदा हा तरुण आपला मित्र मेगाक्ले याला आपल्या नावाने ऑलिंपिक स्पर्धेत उतरवितो. विजेत्यास राजकन्या आरिस्तेआ मिळणार असते. आपण जिच्यावर प्रेम करतो तिलाच आपण मित्रासाठी जिंकणार आहोत, हे मेगाक्लेला वचन दिल्यावर कळते. मैत्रीसाठी तो तिचा त्याग करतो. निरोपाच्या प्रसंगी तो लीचीदाला सांगतो, की तिने माझी विचारपूस केली तर मी मरण पावलो असे सांग. लगेच तो स्वतःस आवरतो, एवढे दुःख तिला देऊ नये असे म्हणतो आणि मी रडत गेलो एवढेच सांगावयास विनवितो. छोट्या चरणांत, अडखळत बोलल्यासारखे रचलेले हे गीत पेर्गोलेसी (१७३५) याच्या संगीताने अजरामर झाले. येथे उपमा नाही, सुभाषित नाही. निरोप सांगणाऱ्याचा आवाज मधेच बदलतो आणि त्या बदलात सारे नाट्य सामावते. मेतास्ताझ्योच्या प्रतिभेचा उत्कर्ष वीरवृत्तीच्या चित्रणात नसून अशा कोमल, आत्मसंयमी दुःखाच्या चित्रणात आहे, हे ह्या प्रवेशावरून स्पष्ट होते.

ला क्लेमेन्त्सा दी तीतोमध्ये त्याच्या राजकीय विचारांचे स्वरूप दिसते. पदच्युत सम्राटाची कन्या व्हितेल्ल्या ही आपल्यावर प्रेम करणाऱ्या सेस्तोला सम्राट तीतोच्या खुनास प्रवृत्त करते. सेस्तो हा तीतोचा जिवलग मित्र. कट फसतो आणि सेनेट सेस्तोला मृत्युदंड फर्मावते. सही करण्यापूर्वी तीतो मित्राला भेटीस बोलावितो. सेस्तो व्हितेल्ल्याचे नाव सांगू शकत नाही आणि क्षमेसाठी आवश्यक ते सत्यच दडून राहते. एकटा तीतो अखेर आज्ञापत्र फाडून टाकतो. हे नाटक सम्राट चार्ल्सच्या नामदिनासाठी लिहिलेले होते. सम्राटाला उद्देशून जोडलेल्या शेवटच्या कवितेत कवी, आपण तीतोच्या रूपाने त्याचे चित्र काढलेले नाही असे सांगतो. अर्थात ही नम्रता स्तुतीचाच एक प्रकार आहे. तरीही हे नाटक केवळ स्तुतिपाठ नाही. ज्याच्याशी कोणीही खरे बोलत नाही अशा सत्ताधीशाचे एकाकीपण त्यात दिसते. राणीपद नाकारून आपले दुसऱ्यावर प्रेम असल्याचे निर्भयपणे सांगणारी सेर्व्हील्या तीतोला म्हणूनच अमोल वाटते. मात्र सर्व न्याय एका व्यक्तीच्या अंतःकरणावर सोपविणे ही ह्या नाटकाची मर्यादाही आहे. तीस वर्षांनी चेझारे बेक्कारीआने गुन्हे व शिक्षा यांवरील आपल्या ग्रंथात (१७६४) क्षमाशीलता कायद्यातच असावी, ती राजाच्या मर्जीवर अवलंबून नसावी, असे प्रतिपादन केले. ह्या विचाराचा उदय होताच तीतोची क्षमा आदर्श न राहता जुन्या राज्यव्यवस्थेची साक्ष ठरली.

आत्तील्यो रेगोलो ही संहिता १७४० मध्ये लिहिली गेली. परंतु चार्ल्सच्या मृत्यूमुळे तिचा प्रयोग लांबला आणि १७५० मध्ये ड्रेझ्डेन येथे योहान आडोल्फ हासे याच्या संगीतासह ती प्रथम सादर झाली. कार्थेजच्या कैदेतून तहाची बोलणी करण्यासाठी पाठविलेला रोमन सेनानी रेगोलो स्वतःच तहाविरुद्ध सल्ला देतो आणि दिलेल्या शब्दानुसार मरण पत्करण्यास परत जातो. येथे सुखद शेवट नाही. ह्या नाटकासंबंधी मेतास्ताझ्योने हासेला लिहिलेले पत्र (२० ऑक्टोबर १७४९) फार महत्त्वाचे आहे. प्रत्येक पात्राचा स्वभाव कसा आहे, रेसितातिव्होला वाद्यवृंदाची साथ कोणत्या स्थळी द्यावी आणि तिचा अतिरेक का टाळावा, याचे तपशीलवार विवेचन त्यात आहे. संहिताकाराचे काम शब्द पुरविण्यापुरते मर्यादित नसून प्रयोगाची सर्व कल्पना प्रथम त्याच्याच मनात आकारास येते, अशी त्याची धारणा होती.

अन्य लेखन : ला मोर्ते दाबेल (१७३२, म. शी. एबलचा मृत्यू), ला बेतूल्या लिबेराता (१७३४, म. शी. बेथुलियाची मुक्तता) इ. धार्मिक संगीतनाट्ये त्याने लिहिली. ला लिबेर्ता (१७३३, म. शी. स्वातंत्र्य) आणि ला पार्तेन्त्सा (म. शी. प्रयाण) ही त्याची भावगीते अतिशय लोकप्रिय झाली. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रावरील त्याचा ग्रंथ उत्तरायुष्यात प्रसिद्ध झाला. प्राचीन शोकांतिका संपूर्णपणे गायिली जात असे आणि आरिआ ही ग्रीक वृंदगीतातील कडव्यांची वारस होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. स्थल व काल यांच्या ऐक्याचे काटेकोर नियमही त्याने नाकारले. ह्या ग्रंथामागे आत्मसमर्थनाचा हेतू उघड आहे. ऑपेरा हा शोकांतिकेचा भ्रष्ट अवतार नसून तिचाच औरस वंशज आहे, हे त्यास सिद्ध करावयाचे होते. त्याची विपुल पत्रे अठराव्या शतकातील नाट्य व संगीत यांच्या अभ्यासाचे मौलिक साधन आहेत.

शब्द आणि संगीत : नाट्यात काव्य हे प्रमुख आणि संगीत हे त्याचे सहायक, ही मेतास्ताझ्योची ठाम भूमिका होती. संगीत काव्यावर वरचढ होऊ पाहते तेव्हा ते काव्याचा आणि स्वतःचाही नाश करते, असे त्याने उतारवयातील एका पत्रात म्हटले आहे. आपली नाटके गायनाविना, केवळ बोलून केली तरी उभी राहतात, याचा त्याला अभिमान होता. प्रत्यक्षात मात्र त्याने घडविलेली आरिआ एवढी सुडौल व स्वयंपूर्ण होती, की गायकांनी तिला कथानकापासून तोडून आपल्या कसबाचे साधन केले. रान्येरी काल्त्साबीजी याने १७५५ मध्ये मेतास्ताझ्योच्या कृतींची आवृत्ती प्रशंसापर प्रबंधासह काढली होती. त्यानेच पुढे ग्लुकच्या सहकार्याने ओर्फेओ एद एउरिदीचे (१७६२) व आल्चेस्ते (१७६७) ह्या संहिता लिहून दा कापो आरिआ आणि उपकथानके यांना फाटा दिला. ग्लुकचा पहिला ऑपेरा आर्तासेर्से (१७४१) हा मेतास्ताझ्योच्याच संहितेवर आधारित होता. सुधारणेचा रोख व्यक्तीपेक्षा पद्धतीवर होता. कथानकाच्या ओघात थांबून भावना साठवून ठेवण्याची ती पद्धती नव्या पिढीला कृत्रिम वाटू लागली होती.

मूल्यमापन : व्हॉल्तेअरने आपल्या सेमिरामिस ह्या शोकांतिकेच्या प्रास्ताविक प्रबंधात तीतोमधील प्रवेशांची तुलना ग्रीकांच्या उत्तम नाट्याशी केली. रूसोने आपल्या संगीतकोशात (१७६८) प्रतिभेची कसोटी पाहू इच्छिणाऱ्या तरुण संगीतकारास मेतास्ताझ्यो वाचण्याचा उपदेश केला. चार्ल्स बर्नी ह्या इंग्रज संगीतेतिहासकाराने त्याचे त्रिखंडात्मक चरित्र (१७९६) लिहिले. उलट नाटककार व्हित्तोर्यो आल्फ्येरी याने शनब्रून येथील बागेत मेतास्ताझ्योला मारिया टेरिसापुढे गुडघा टेकताना पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरील लाचारी पाहून त्याची भेट घेण्याचे नाकारले. आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग नोंदविला आहे. राष्ट्रीय स्वातंत्र्याच्या आकांक्षेने भारलेल्या एकोणिसाव्या शतकातील इटलीने आल्फ्येरीचाच निवाडा उचलून धरला आणि मेतास्ताझ्यो हा परकीय दरबारातील मृदुभाषी आश्रित ठरला. फ्रांचेस्को दे सांक्तीसने आपल्या इटालियन साहित्येतिहासात (१८७०-७१) त्याची लोकप्रियता आणि त्याच्या भाषेचे माधुर्य मान्य केले. परंतु त्याच्या वीरपात्रांत त्याला खोल नैतिक प्रत्यय आढळला नाही.

ह्या आक्षेपांत तथ्य आहे. मेतास्ताझ्योच्या नाट्यसृष्टीत दुष्टता टिकत नाही, संघर्ष अखेर सौजन्याने मिटतो आणि राजा क्षमा करतो. परंतु आल्फ्येरीचा निवाडा माणसाच्या वर्तनाविषयी आहे, नाटकाविषयी नाही. ज्या आत्मसंयमाला आल्फ्येरीने लाचारी म्हटले, तोच संयम मेगाक्लेच्या निरोपात व आर्बाचेच्या मौनात नाट्यरूप घेतो. भावनेच्या आवेगापेक्षा तिला आवर घालण्याचा क्षण हा त्याचा खास विषय. तो लहान वाटला, तरी त्यावर त्याचे प्रभुत्व पूर्ण होते.

काव्याच्या वर्चस्वाचा आग्रह धरणारा हा नाटककार मुख्यतः संगीतामुळेच टिकून राहिला. मोट्सार्टने १७९१ मध्ये प्राग येथे ला क्लेमेन्त्सा दी तीतो सादर केला, तेव्हा कातेरीनो मात्सोला याने मूळ संहिता दोन अंकांत आणून अनेक आरिआ गाळल्या व समूहगाने घातली; आज तीतो प्रामुख्याने ह्याच रूपात ऐकला जातो. बेथोव्हनच्या ‘आ! पेर्फीदो’ ह्या मैफिलीच्या रचनेचा आरंभीचा भाग आकील्ले इन शीरोमधून घेतला आहे. उच्च स्वरात गाणारे प्रशिक्षित पुरुष गायक उपलब्ध झाल्यानंतर त्याच्या मूळ संहितांवरील ऑपेरेही पुन्हा रंगभूमीवर आले : व्हिंचीचा आर्तासेर्से २०१२ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथे आणि त्याचाच आलेस्सांद्रो नेल्लिंदिए २०२२ मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे सादर झाला. ह्या प्रयोगांनी एक गोष्ट स्पष्ट केली. वाचताना लांब व एकसुरी वाटणारे त्याचे रेसितातिव्हो समर्थ गायक-नटांच्या तोंडी सजीव संवाद बनतात आणि आरिआचा विराम कथानकात खंड न पाडता त्याला अर्थ देतो. शब्दाने जागा करून द्यावी आणि संगीताने ती भरावी, ह्या मेतास्ताझ्योच्या नाट्यकल्पनेची परीक्षा ग्रंथालयात नव्हे, तर नाट्यगृहातच होऊ शकते. आणि तेथे त्याच्या उत्तम संहिता अद्यापही उतरतात.